नामदेवरावांची चंद्रमती

तंजावुरात मेलवीदीच्या कोपऱ्यावर नामदेवरावांचं कॉफीचं दुकान होतं. दुकान म्हणजे काय, दोन बाकं, एक फळी आणि मधोमध उभा तांब्याचा बॉयलर. खाली निखारे, पोटात पाणी, कमरेला नळ. त्या बॉयलरपाशी नामदेवराव असे उभे राहायचे, की समोर मेलवीदी नसून खोल दरी आहे आणि पाठीमागे सागाच्या ओंडक्यांनी भरलेले डबे लागले आहेत. गिऱ्हाईक कॉफी मागायचं. कॉफी यायची, पण तिच्याबरोबर रेल्वेही यायची. न मागता, आणि कितीही नको म्हटलं तरी.

"रायर, आज घाईत आहे," एखादा आधीच सांगून ठेवायचा. तमिळ लोक तंजावुरातल्या मराठी माणसाला रायर म्हणतात. ज्यांच्या पूर्वजांनी राज्य केलं त्यांनाही, आणि ज्यांच्या पूर्वजांनी त्या राज्यकर्त्यांचे अंगरखे शिवले त्यांनाही. नामदेवराव दुसऱ्या प्रकारातले.

"घाई असणाऱ्यानं आमच्या रेल्वेत बसायचंच नाही," नामदेवराव म्हणायचे आणि नळ सोडायचे. "आमची रेल्वे घाईसाठी नव्हतीच. ती सागासाठी होती."

संपलं. आता 'सागासाठी म्हणजे?' असं विचारणारा माणूस कॉफी गार होईपर्यंत सुटायचा नाही.

कारण नामदेवराव सुरुवात करायचे ती थेट गोऱ्या साहेबापासून. पश्चिमेच्या डोंगरात, जिथं तमिळ ऊन संपतं आणि मलयाळी पाऊस सुरू होतो, तिथल्या वेळ्ळैपारैच्या जंगलात साहेबाला साग दिसला. साग दिसला की साहेबाला जहाज दिसायचं आणि जहाज दिसलं की बंदर. मध्ये डोंगर उभा, त्याचं काय करायचं? रूळ टाकायचे. टाकले. तेही इतके अरुंद, की दोहोंमध्ये माणूस आडवा झोपला तर त्याचं डोकं आणि पाय दोन्ही बाहेर. मोठ्या रेल्वेला नुसतं वळायला जेवढी जागा लागते, तेवढ्यात ही गाडी वळून, ओढ्यावर पाणी पिऊन परत यायची. हत्ती ओंडके ओढत आणायचे आणि सोंडेनं डब्यांवर रचायचे. एका हत्तिणीला तर अशी खोड, की इंजिनानं शिट्टी दिल्याशिवाय ओंडका सोडायचाच नाही.

"आणि डोंगर जिथं एकदम कोसळायचा," नामदेवराव इथं पेला हवेत धरून ठेवायचे, गिऱ्हाइकाचे डोळे पेल्यावर, "तिथं इंजिनाचं काम नव्हतं. उतारावर दोन रूळवाटा शेजारी शेजारी. माथ्यावर एक अजस्र चाक, त्यावरून तारेचा दोर. दोराच्या या टोकाला वरचा भरलेला डबा, त्या टोकाला खालचा रिकामा. भरलेला खाली निघाला, की त्याच्याच ओढीनं रिकामा वर. लाकूड जाळायला नको, वाफ नको! संसारच म्हणा ना. एक ओझं घेऊन उतरतो, म्हणून दुसरा मोकळा वर येतो."

"आणि दोर कोण धरतो?" फळीमागून जयलक्ष्मीबाई विचारायच्या. "तेही सांगा की त्यांना."

जयलक्ष्मीबाई म्हणजे नामदेवरावांची बायको, आणि दुकानातलं सुंडलही त्यांचंच. वाफवलेल्या हरभऱ्यांवर खोबरं भुरभुरवताना त्यांचे टोमणेही बरोबरीनं भुरभुरायचे. त्यांचं आणि या रेल्वेचं जुनं वैर होतं. त्याची गोष्ट अशी.

लग्न ठरलं तेव्हा नामदेवराव वेळ्ळैपारैच्या लाइनीवर फायरमन होते. जयलक्ष्मीबाईंचे वडील तिरुवैयारूचे, शिवणकाम करणारे. मध्यस्थानं सांगितलं, मुलगा जंगल खात्याच्या लाकूड ओढणाऱ्या रेल्वेत आहे. वडिलांनी 'रेल्वे' एवढं घेतलं आणि बाकीचं मध्यस्थाला परत दिलं. रेल्वे म्हणजे क्वार्टर, रेल्वे म्हणजे पेन्शन, रेल्वे म्हणजे सासऱ्याला काशीचा फुकट पास. तिरुवैयारूच्या घाटावर अंघोळीला येणाऱ्या प्रत्येकाला त्यांनी तो पास नुसता तोंडानं दाखवला.

लग्न झालं आणि आषाढ आला. या मुलखात आषाढात नव्या नवरीला सासरी ठेवत नाहीत, माहेरी नेतात. जयलक्ष्मी तिरुवैयारूला गेली, नामदेव एकटा डोंगरावर. आषाढ संपला की बायकोला आणायचं, इंजिनाच्या पायरीवर बसवून ओढ्यापर्यंत फिरवायचं, असा त्याचा बेत. तोवर पोस्टकार्डं. आता फायरमन माणूस पोस्टकार्डात लिहिणार काय? 'आज चंद्रमती फार तापली होती.' 'चंद्रमतीनं काल डोळ्याला डोळा लागू दिला नाही.' चंद्रमती हे त्याच्या इंजिनाचं नाव. म्हाताऱ्या ड्रायव्हरनं ते आपल्या आईच्या नावावरून ठेवलं होतं. पण पोस्टकार्ड घरात पहिल्यांदा वाचणार कोण, तर सासरा. तोही मोठ्यानं, अंगणात, शेजाऱ्यांसमोर. पुढचं पोस्टकार्ड नामदेवनं नुसतं चंद्रमतीला चाकं आहेत हे सांगण्यात संपवलं.

आणि आषाढ संपायच्या आत लाइनच संपली. डोंगरावर सडक झाली होती, सडकेवरून लॉऱ्या यायला लागल्या होत्या. लॉरीला ना रूळ लागत, ना दोर, ना नामदेवराव. वरून हुकूम आला, रूळ उपटले गेले, इंजिनं लिलावात निघाली. कोण कुठं गेलं कुणाला माहीत. नामदेव ट्रंक घेऊन तंजावूरला उतरला तो पुन्हा चढला नाही. काशीचा पास गेला, क्वार्टर गेलं, आणि जयलक्ष्मीबाईंच्या हाती राहिली एक नुसती ऐकीव रेल्वे, जी त्यांनी कधी डोळ्यांनी पाहिली नाही.

"माझी सवत," त्या तिला म्हणायच्या. "लोकांची सवत निदान दिसते तरी. मज मिळाली ती अस्की, सगळीच्या सगळी, धुराची."

तीसेक वर्षं हे चाललं. त्यातला नुसता विनोद नव्हता, हे नामदेवरावांना पक्कं ठाऊक होतं. बायकोला वाटत होतं, आपल्याला एका थापेशी लावून दिलं. थाप नव्हती हे दाखवायला नामदेवरावांपाशी काय होतं? एक फोटो नाही, एक रूळ नाही. नुसतं तोंड. म्हणून ते चालू ठेवलं होतं.

मग ती वर्षं आली, ज्यांत देशाची दारं उघडली असं पेपरात छापून यायचं. मेलवीदीवर त्याचा अर्थ एवढाच, की गच्च्यांवरून केबलच्या तारा लोंबू लागल्या, आणि नामदेवरावांच्या मुलानं, सतीशकुमारनं, बापाच्या दुकानाची डावी कड कापून तिथं काचेचं एसटीडी बूथ घातलं. आजूबाजूच्या भाताच्या गिरण्यांना 'मॉडर्न राइस मिल' व्हायचं वेड लागलं. नवी यंत्रं आत जात होती, जुनं लोखंड बाहेर पडत होतं, आणि चिदंबर भंगारवाल्याच्या सदऱ्याची बटणं पोटावर तटतटू लागली होती.

तर हा चिदंबर एके सकाळी, आयुधपूजेला दोन-तीन दिवस उरले असताना, बाकावर येऊन बसला आणि बशीत कॉफी ओतता ओतता म्हणाला, "रायर, तुमची सोयरीक आली आहे माझ्याकडे."

"कसली सोयरीक?"

"पापनाशमच्या अलीकडे राममूर्ती मुदलाळींची मिल आहे ना, तिथला भात उकडायचा बॉयलर मी घेतला. मुदलाळींना नवा आलाय. जुना बघितला तर बॉयलर कसला, इंजिनाचं धड ते! चाकं नाहीत, डोकं नाही. मुदलाळी म्हणाले, वडिलांनी जंगलातल्या लिलावात घेतलं होतं. म्हटलं, रायरचं नातं लागत असेल."

नामदेवरावांनी एकाच पेल्यात दुसऱ्यांदा डिकॉक्शन ओतलं. मग तिसऱ्यांदा.

"कापलास?"

"अजून नाही. विजयादशमीला मुहूर्ताचा कट. आधी हत्याराची पूजा, मग काम."

मागं दूध उतू गेलं. ज्या माणसानं तीसेक वर्षांत एक थेंब सांडू दिला नाही, त्याचं अख्खं पातेलं निखाऱ्यावर गेलं, आणि धुरातून सतीशकुमारला दिसलं ते एवढंच, की अप्पा कमरेच्या फडक्यासकट पळत पापनाशमवरून जाणारी कुंभकोणमची बस पकडतायत.

"अम्मा, अप्पा गेले!"

"कोठे?"

"तुझ्या सवतीकडे."

राममूर्ती मुदलाळी भला माणूस. मुदलाळी म्हणजे मालक, पण त्यांच्यावर मालकी होती शकुन-अपशकुनांची. मांजर आडवं गेलं तर लॉरी मागे घ्यायला लावायचे. त्यांनी नामदेवरावांना मागच्या शेडमध्ये नेलं. तिथं विटांच्या कट्ट्यावर, तुसाच्या राखेनं माखलेलं, गंजलेलं ते धड आडवं पडलं होतं. पुढं भट्टीचं लोखंडी दार.

नामदेवराव दारासमोर उकिडवे बसले. दाराच्या वरच्या बिजागरीवर हात फिरवला, राख पुसली, आणि ओरडलेच.

"हीच! हीच ती! मुदलाळी, ही बिजागरी मी मोडली होती! नवा होतो, ओंडका जोरात फेकला आणि दार निखळलं. लोहाराकडं दुसरं काही नव्हतं, म्हणून त्यानं हत्तीच्या पायातल्या साखळीची कडी तापवून बसवली. बघा, बघा, कडी बघा!"

मुदलाळींनी कडी बघितली. कडी होती खरी. मिलचा बॉयलरवाला त्यागराज म्हणाला, "म्हणूनच हे दार लागताना घंटेसारखं वाजतं होय! मी इतकी वर्षं शिव्या घालतोय."

"एकदा पेटवू या," नामदेवराव उठून म्हणाले. "एकच दिवस. माझ्या बायकोला दाखवायचीय. चालताना."

"चालताना? रायर, तिला चाकं नाहीत."

"वाफ भरली की कळतं. गरम झाली की अंग थरथरतं तिचं. ते बघितलं की कुणीही ओळखेल, हे इंजिन आहे, चूल नव्हे."

मुदलाळी कनवाळूपणे हसले. गेल्या आठवड्यापर्यंत तिच्यावरच भात उकडत होता, पण आता नव्याला जाळ घातला होता, जुनी विकली होती. विकलेल्या भंगाराला तूस कोण घालणार? "आयुधपूजेला या," ते म्हणाले, "घरच्यांना घेऊन या. बघायला काय, बघा पोटभर. पण पेटवणं नाही."

त्या संध्याकाळी नामदेवराव घरी आले ते कोपरापर्यंत काळे आणि कानापर्यंत हसत. जयलक्ष्मीबाई नवरात्रात मांडलेल्या बाहुल्यांपुढं समई लावत होत्या.

"सापडली!"

"उतू गेलेलं दूध सापडलं का?"

"अगं, चंद्रमती सापडली! पापनाशमला आहे. इतकी वर्षं इथंच होती, बसनं जाण्याइतकी जवळ. आपण खात होतो तो उकडा तांदूळसुद्धा तिनंच उकडलेला असेल!"

जयलक्ष्मीबाईंनी वात सारखी केली. "म्हणजे सवत इतके दिवस मजच रांधून घालत होती म्हणा."

"अप्पा," सतीशकुमार म्हणाला, "तो बॉयलर आहे. इंजिन नाही."

"इंजिनाचं पोट म्हणजेच बॉयलर रे! बाकी राहतं काय? चाकं. चाकं तर बैलगाडीलाही असतात."

"आणि हीच ती कशावरून?"

नामदेवरावांनी हत्तीच्या साखळीची कडी सांगितली. जयलक्ष्मीबाईंनी ऐकून घेतली. "एखाद्या बैलाची असेल," त्या म्हणाल्या.

नामदेवराव एकदम गप्प झाले. डोक्यात रेल्वे असताना गप्प झालेला नवरा जयलक्ष्मीबाईंनी पाहिला नव्हता. त्यांनी त्याच्या काळ्या हाताकडं बघितलं आणि साबण पुढं केला.

"बरं, येते," त्या म्हणाल्या. "सवतीला एकदा बघून घेते. मेल्यावर निदान ओळख तरी पटेल वरती."

खंडेनवमीला, म्हणजे इकडच्या आयुधपूजेला, मिल ओळखू येत नव्हती. दारात केळीचे खांब, फाटकात फोडलेला कोहळा, आणि जिथं नजर जाईल तिथं चंदनाचा ठिपका आणि त्यावर कुंकू. भात सडायच्या यंत्राला, वजनकाट्याला, सुपांना, झाडूंना, टेलिफोनला, रखवालदाराच्या सायकलीला. ज्या वस्तूवर माणूस पोट भरतो त्या प्रत्येक वस्तूला त्या दिवशी टिळा आणि सुट्टी. पूजेत बसलेल्या हत्याराला दिवसभर हात लावायचा नाही. दुसऱ्या दिवशी, विजयादशमीला, पुन्हा आरती करून प्रत्येकानं आपापलं काम थोडं का होईना करायचं. शिंप्यानं एक टाका, पोरानं एक ओळ, ड्रायव्हरनं लिंबांवरून एक फेरी. नाही केलं, तर ते हत्यार वर्षभर रुसतं. या बाबतीत तंजावूरच्या मुलखात तमिळ, मराठी, कुणाचंच दुमत नाही.

नवा बॉयलर झेंडूच्या हारात नव्या जावयासारखा उभा होता. मुदलाळींच्या बायकोनं जयलक्ष्मीबाईंना हळदकुंकू दिलं, सुंडल दिलं. नामदेवराव मात्र पायाखाली विस्तव असल्यासारखे. "चल ना. मागं आहे ती. चल ना."

मागच्या शेडमध्ये अंधार होता. डोळे सरावल्यावर जयलक्ष्मीबाईंना प्रथम दिसले ते चिदंबरचे गॅसचे दोन सिलिंडर आणि त्यावर ठेवलेली लोखंड कापायची बंदूक. उद्या सकाळी खोळंबा नको म्हणून त्यानं आजच आणून ठेवली होती. सिलिंडरांना हार, बंदुकीला चंदन, कुंकू, वर एक लिंबू. आणि त्यांच्या मागं ती. राखेनं माखलेली, बोडकी, कपाळावर काही नाही.

"हीच," नामदेवराव कुजबुजले.

जयलक्ष्मीबाई बराच वेळ बघत राहिल्या. सवत मोठी होती. इतकी असेल असं त्यांना वाटलं नव्हतं. कॉफीच्या बॉयलरहून थोडी मोठी, असंच चित्र त्यांच्या डोक्यात होतं.

"हिला टिळा नाही?" त्यांनी विचारलं.

"विकली ना," मागून आलेला चिदंबर म्हणाला. "आता ती मिलची नाही आणि माझं ते हत्यार नाही. भंगाराला कोण टिळा लावतो?"

"म्हणजे जो कापणार त्याला हार, आणि जिला कापायचं तिला सणाच्या दिवशी कुंकूसुद्धा नाही?"

"अम्मा, ते लोखंड आहे."

"तुमची बंदूक काय सोन्याची आहे?"

आणि कुणी काही म्हणायच्या आत जयलक्ष्मीबाईंनी मुदलाळींच्या बायकोच्या हातातलं तबक घेतलं, पदरानं भट्टीचं दार पुसलं, चंदन लावलं, कुंकू लावलं, स्वतःच्या वेणीतला मोगरा काढून त्या हत्तीच्या कडीत खोवला आणि निरांजन ओवाळून मोकळ्या झाल्या. "घरात आलेल्या सवतीलाही सणाला कोरडं ठेवत नाहीत," त्या म्हणाल्या.

"अम्मा!" राममूर्ती मुदलाळींनी डोक्याला हात लावला. "काय केलंत हे!"

"कुंकू लावलं."

"पूजा केलीत! आयुधपूजेच्या दिवशी, माझ्या छपराखाली, पूजा केलीत! आता ती हत्यार झाली. आता उद्या तिला काम दिल्याशिवाय टाकता येत नाही!"

नामदेवरावांच्या हळूहळू ध्यानात आलं आणि त्यांचे डोळे असे मोठे झाले, की त्यागराजला हसू फुटलं. जे मागून मिळालं नव्हतं, ते बायकोनं नकळत, नुसत्या रागाच्या भरात, देवाकडून लिहून घेतलं होतं.

"कसलं काम!" चिदंबर उसळला. "माझंही हत्यार पूजेत आहे. उद्या मुहूर्तावर त्याला लोखंड कापलंच पाहिजे, नाही तर वर्षभर माझा धंदा बसेल. उद्या मी हिलाच कापणार!"

"पूजेतलं हत्यार विजयादशमीला कापायचं?" मुदलाळी कापऱ्या आवाजात म्हणाले. "माझ्या मिलमध्ये?"

"मग माझ्या हत्यारानं काय हवा कापायची?"

पूजा सांगायला आलेल्या गुरुक्कळांकडं सगळ्यांनी बघितलं. गुरुक्कळ मुरमुऱ्यांचा प्रसाद खात होते. घास गिळून ते म्हणाले, "दोन्ही हत्यारं. दोघांनाही काम." आणि पुढचा घास घेतला.

नामदेवरावांनी बोलायला तोंड उघडलं. जयलक्ष्मीबाईंनी त्यांना कोपरानं ढोसलं. "तुम्ही उगे राहा. तुम्ही बोललात की साहेबापासून सुरू कराल." मग त्या चिदंबरकडं वळल्या. "तुमच्या हत्याराला लोखंडच पाहिजे ना? ते मागचं फाटक बघा. अर्धं गंजलंय, अर्धं लोंबतंय. मॉडर्न मिलला असलं फाटक शोभतं का, मुदलाळी?"

"ते आजोबांच्या वेळचं..." मुदलाळी म्हणाले, मग चंद्रमतीच्या कपाळाकडं बघितलं, मग आकाशाकडं. "घ्या. फाटक घ्या. पण हिला उद्या एक वाफ देऊन टाका बाबांनो, मला पाप नको."

विजयादशमीच्या पहाटे आरती झाली आणि त्यागराजनं भट्टीत काडी टाकली. चिदंबर तिकडं फाटक कापत होता, ठिणग्या उडत होत्या, आणि इकडं नामदेवराव धोतर खोचून, डोक्याला फडकं बांधून, पंचविशीतल्यासारखे. पहिली पाटी उचलून त्यांनी तुसाचा असा लोट भट्टीत फेकला, की जाळ जागच्या जागी गुदमरला आणि शेडभर धूर.

"रायर, रायर!" त्यागराज खोकत ओरडला. "हा साग नाही, तूस आहे! असं कोंबायचं नाही, भुरभुरवायचं. सुंडलावर खोबरं घालतात तसं."

"तेवढं मज जमेल," उलट्या टोपलीवर बसलेल्या जयलक्ष्मीबाई खोकता खोकता म्हणाल्या. नवरात्राची रेशमी साडी नेसून आल्या होत्या. सवतीपुढं साधी कशी नेसणार?

नामदेवराव शिकले. मूठ मूठ, हलक्या हातानं. पाणी तापायला वेळ लागला. ऊन शेडच्या कौलांवर चढलं, चिदंबरचं फाटक कापून झालं, तोही येऊन बसला. मुदलाळी घड्याळ बघून गेले, पुन्हा आले. मग वाफेचा दाब दाखवणारा काटा हलला. थोडा. आणखी थोडा. नळीच्या सांध्यातून फुस्स झालं. त्यागराजनं वाफ सोडली, तशी ती जाड नळीतून धडधडत पलीकडच्या उकडायच्या टाक्यांत घुसली, आणि चंद्रमतीचं अख्खं अंग थरथरायला लागलं. विटांचा कट्टा थरथरला. जयलक्ष्मीबाई बसल्या होत्या ती टोपलीसुद्धा.

"बघ!" नामदेवराव ओरडले. त्या धडधडाटात ओरडल्याशिवाय गत्यंतरच नव्हतं. "बघितलंस? आता कळलं?"

जयलक्ष्मीबाई उठल्या. भट्टीपाशी आल्या. पदर तोंडाला लावून, वाकून, उघड्या दारातून आत बघितलं. आत नुसतं लाल, आणि त्या लालात तुसांचे कण काजव्यांसारखे धावत होते. बघत राहिल्या. नामदेवरावांना त्यांचा चेहरा दिसेना, पाठ तेवढी दिसत होती, आणि तीसेक वर्षांत कुठल्याही काट्याकडं बघितलं नसेल इतकं लक्ष लावून ते त्या पाठीकडं बघत होते.

"आता कोठे आहोत?" जयलक्ष्मीबाईंनी मान न वळवता विचारलं.

"काय?"

"गाडी चालू आहे ना? मग कोठे आलो? तुम्ही सांगणार नाही तर मज कसं कळणार? मी इकडं पहिल्यांदाच येते."

नामदेवराव त्यांच्या खांद्याशी येऊन वाकले. "आता... आता डेपो सुटला. डावीकडं ओढा."

"पाणी आहे त्यात?"

"भरपूर! उजवीकडं हत्तींचा तळ. सगळ्यात पुढं ती लंगडी बघ."

"लंगडी हत्तीण कधी सांगितली नव्हतीत."

"तू इतक्या पुढपर्यंत कधी ऐकलंस?"

"आणि तो बांबू केवढा हो! अस्का रस्त्यावर वाकलाय," जयलक्ष्मीबाई म्हणाल्या, आणि नामदेवरावांनी दचकून बघितलं, कारण बांबू खरंच तसाच होता आणि त्यांनी तो अजून सांगितला नव्हता. "मान खाली घाला, लागेल!"

नामदेवरावांनी मान खाली घातली. चिदंबरनंही घातली, मग ओशाळून वर केली.

"हळू होते का गाडी?"

"चढ लागला. इथं जाळ लागतो. भरपूर जाळ."

जयलक्ष्मीबाईंनी रेशमी पदर कमरेला खोचला, त्यागराजची पाटी ओढून घेतली आणि मूठभर तूस आत भुरभुरवलं. असं भुरभुरवलं, की एक दाणा वाया नाही. जाळ भसकन उठला, दारातून बाहेर जीभ काढून पदराच्या जरीला चाटून गेला. त्यांनी पदर झटकला, हसल्या आणि दुसरी मूठ घेतली. मग तिसरी. काटा चढत होता. नामदेवराव एका हातानं दार उघडत होते, एका हातानं लावत होते, आणि दर वेळी ती हत्तीची कडी ठणठणत होती.

"झाडं केवढाली! आता?"

"आता उजवीकडं वळण. खाली बघू नको, दरी आहे!"

"मी बघणार!"

तेवढ्यात टाक्यांकडून राममूर्ती मुदलाळी धावत आले. वाफेनं चष्मा आंधळा झालेला, उपरणं खांद्यावरून घसरलेलं. "बस्स! बस्स करा! मुहूर्ताची एक वाफ म्हटली होती! भात जास्त उकडला, दाणा लाल पडायला लागला! बंद करा तो जाळ!"

"मुदलाळी, उगे राहा," जयलक्ष्मीबाई भट्टीतून नजर न काढता म्हणाल्या. "अर्ध्या घाटात गाडी थांबवता येते का?" आणि रिकामी पाटी त्यांच्याच हातात देऊन दुसरी भरून आणायला सांगितली.